दोन कम्प्युटर, एक वायर

१८ एप्रिल २०१६, सोमवार
जुना कम्प्युटर आज पुन्हा बंद पडला. तेविसाव्या मिनिटाला. उन्हाळा वाढला तसं याचं हे सुरू झालंय. तापतो आणि गप होतो.
पुण्याला मनीषाला फोन केला. म्हणाली, "आई, असा धाडकन बंद पडत राहिला तर एक दिवस उठणारच नाही. त्याच्यात काय आहे ते तुझ्या नव्या लॅपटॉपवर घे आधी. वाचायचं नंतर."
त्यात काय आहे ते तिला माहीत आहे. यांची पानं.
मी चौथी पास. अक्षरं जोडत जोडत वाचायचे, अडले की सोडून द्यायचे. हे कोर्टाबाहेर टायपिंग करायचे. घरी आले की दिवसभरात अर्ज लिहून घ्यायला कोण आलं, काय भांडलं, ते मोठ्या अक्षरात माझ्यासाठी टाइप करायचे. एक पान. "वाच, मग चहा." मी वाचून हसले की यांना कळायचं, बाई कुठपर्यंत आली. अशीच वाचायला लागले.
शेवटच्या आजारपणात घरीच होते, तरी रोज टाइप करत. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं. म्हणाले, राहू दे, नंतर वाच. ती एकतीस पानं राहिली. दीड वर्ष झालं. हातच गेला नाही.
आता जातोय तर हे असं.

२० एप्रिल, बुधवार
पेनड्राइव्हची भोकं जळालेली. मागं वीज कमीजास्त झाली तेव्हाचीच. दुकानदार म्हणाला, डबा दोन दिवस ठेवून जा, आतली डिस्क काढतो. नको. शेजारच्या गल्लीतल्यांचा असाच दिला होता, कोरा होऊन आला.
म. म्हणाली मग वायर. औरंगपुऱ्याच्या बाजारातून निळी वायर आणली. एक टोक जुन्याला, एक नव्याला. दोन्हीकडं हिरवा दिवा लागला. वाटलं झालं.
"आता नेटवर्कवर टिचकी मार. काय दिसतं?"
"एकच."
"कोण?"
"हाच. नवा."
स्वतःलाच बघत बसलाय.

२४ एप्रिल, रविवार
म.ला सुट्टी, म्हणून तासभर फोनवर. जुन्याच्या गटाचं नाव वेगळं, नव्याच्या गटाचं वेगळं. एका गटात पाहिजेत. म. म्हणाली, जुन्याचं बदल. मी म्हटलं, घरात नवा आलाय, त्यानं बदलावं.
"आई, हा सासुरवास आहे!"
नव्याचंच बदललं. मग त्याला सांगावं लागलं की ही वायर घरातलीच आहे, बाहेरची नाही, दुसऱ्याला शोध. तो परक्याला बघत नाही म्हणे. जुन्याची फायरवॉल, बाहेरच्यांना अडवणारी भिंत म्हणून काही असतं, ते काढलं.
तरी एकटाच. म. म्हणते, जुन्याचं नाव यादीत यायला वेळ लागतो, कधी दहा मिनिटं, कधी पंधरा. एकमेकांना हाका मारतात ते.
विसाव्या मिनिटाला जुना बंद.

२७ एप्रिल, बुधवार
कूलर त्याच्याकडं तोंड करून लावला. पण कूलरला दोन बादल्या लागतात. नळ पाच दिवसांनी येतो. टँकरच्या रांगेत शेजारच्या रेहानाभाभी बघत होत्या.
"शोभाताई, आदम्यांको पीने को नै, अन् तुमे डब्बे को पानी पिलारै?"
रांग हसली. मी पण हसले, करणार काय. घरी येऊन त्यांना खरं सांगितलं. संध्याकाळी भाभी बादली घेऊन दारात. कपडे खंगाळलेलं पाणी.
"साबुन का है. डब्बे को क्या मालूम."

१ मे, रविवार
दिसला! चौदाव्या मिनिटाला. नव्याच्या पडद्यावर जुन्याचं चित्र आणि खाली यांनी दिलेलं नाव. मी भाभींना हाक मारली. त्या पिठाच्या हातानं आल्या.
टिचकी मारली. नावाचा आणि पासवर्डचा चौकोन आला. यांनी पासवर्ड कधी ठेवलाच नाही. म्हणायचे, घरातल्या घरात कसलं कुलूप. रिकामं सोडलं तर घेईना. काहीतरी खात्यावर बंधन आहे म्हणून इंग्रजीत आलं. म.ला वाचून दाखवलं.
"हां. पासवर्ड नसलेल्या खात्यात तो वायरीवरून कुणाला येऊ देत नाही. बाबांच्या खात्याला एक ठेवून टाक."
"समोर बसलं तर बिनपासवर्ड चालतं आणि लांबून नाही?"
"लांबून नाही."
आज नको म्हटलं.

४ मे, बुधवार
ठेवला. काय ठेवला ते इथं लिहीत नाही.

८ मे, रविवार
सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. भाभींच्या दोन बादल्या, माझी एक. सोळाव्या मिनिटाला जुना दिसला, पासवर्ड घेतला, आत गेले. 'शोभा' नावाची पेटी. धरून नव्यावर ओढली. हिरवी पट्टी सरकायला लागली. भाभी मागं उभ्या राहून पुटपुटत होत्या, दुआ असणार.
सगळी आली. शेवटची एकतीस पण मोजली. पाच मिनिटांत जुना बंद. म्हटलं हो बाबा, झोप आता.
चहा केला. चष्मा पुसला. पान उघडलं.
अक्षरं नाहीत. इंग्रजी एबीसी, कंस, टिंबं, टोप्या. दुसरं उघडलं. तेच. सगळी तशीच.
म.ला फोनवर ती एबीसी वाचून दाखवली. मग म्हणाली, "आई, फॉन्ट. बाबांचा जुना मराठी फॉन्ट नव्यावर नाहीये. माझ्या डोक्यातच नाही आलं. तेवढा पण घेऊन ये."
जुना सुरू केला. पडदा काळा. तीन शिट्ट्या. पुन्हा. तीन शिट्ट्या.
तीन आठवडे तो रोज वीस मिनिटं चालत होता. रोज एक पान वाचून झालं असतं.

९ मे, सोमवार
म. रडली. "मीच म्हटलं ना वाचायचं नंतर." मी म्हटलं, वेडी आहेस का. फॉन्टचं नाव मी तिला वाचून दाखवलं, पण कुठं मिळेना. शोधतेय. जुना रविवारी येऊन स्वतः बघते म्हणाली. भाभींनी आज पण बादली आणली. राहू द्या म्हटलं. आत ठेवून गेल्या.

११ मे, बुधवार
दुपारी पानं नुसती बघत बसले होते. प्रत्येक पानाची सुरुवात सारखीच. त्याच पाच खुणा, मग स्वल्पविराम. लक्षात आलं. प्रत्येक पान ते एकाच शब्दानं सुरू करायचे. शोभा.
म्हणजे एवढं तर वाचता येतंय.
वहीत खुणा उतरवल्या. श, काना, मात्रा, भ, काना, अशा पाच. दोनदा येते ती खूण काना असणार. श मिळाला, भ मिळाला. दुसरा शब्द जवळजवळ सगळीकडं एकच आणि छोटा, 'आज' असावा. मग ज.

१४ मे, शनिवार
अकरा अक्षरं जुळली. म. उद्या येतेय. फॉन्ट अजून नाही.
एकतीसमधल्या पहिल्या पानाची पहिली ओळ बसवायला घेतली. 'शोभा, आज तु' इथपर्यंत आले. पुढं झ असेल किंवा ल असेल, तुझा किंवा तुला. ती खूण अजून कुठल्या ओळखीच्या शब्दात सापडली नाही.