एका ठोक्याला थांबायचं

४ नोव्हेंबर

पोहोचलो एकदाचा. किती वाळलास रे दादा, म्हणत धाकटीने फाटकातच माझी पिशवी हिसकावून घेतली. बहिणीच्या घरी आयत्या बिळावर नागोबा होऊन राहायची लाज वाटत होती, ती मेहुण्यांनी पहिल्याच चहाला घालवली. म्हणाले, पाहुणा नकोच आहे मला, ट्रायलला ड्रायव्हर हवाय.

त्यांचा धंदा मजेशीर. लष्कराने मोडीत काढलेले ट्रक लिलावात घ्यायचे, महिनोन् महिने खपून चालते करायचे आणि विहिरी खोदणाऱ्यांना, खाणवाल्यांना विकायचे. आवारात ओळीने उभे आहेत. कुणाला काच नाही, कुणाला चाक नाही. माझा जीव जडला तो आखूड नाकाच्या एका सहाचाकीवर. मी त्याचं नाव बुटका ठेवलं. हिरव्या रंगाखाली मातकट, त्याखाली पुन्हा हिरवा.

मेहुण्यांनी एक गंमत सांगितली. मागे बसणाऱ्या जवानांना घंटी नसते. केबिनच्या पाठीमागच्या पत्र्यावर हात मारायचा. एक ठोका म्हणजे थांब, दोन ठोके म्हणजे चल. मी पोट धरून हसलो. उभा जन्म बस चालवली, कंडक्टरच्या घंटीवर पाय हलवले. इथेही तीच भाषा! निवृत्त झालोय असं वाटेचना.

माझी खोली आवाराच्या बाजूला आहे. पलंगाच्या उशाची भिंत पत्र्याची. झोप छान लागेल.

११ नोव्हेंबर

बुटका सुरू झाला! टाकीतला गंज खरवडला, ब्रेकचे कुजलेले रबर बदलले, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी वायरमनने शिव्या घालत नव्याने ओढल्या. मागचा फाळका, म्हणजे ट्रकच्या मागची उघडणारी फळी, अडकवायची खिट्टी तेवढी झिजली आहे. ती पुढच्या आठवड्यात करू, असं मेहुणे म्हणाले.

घाटीच्या उतारावर ट्रायल घेतली. खाणीच्या वळणावर मागून ठोका आला. एकच. मी गाडी थांबवली, उतरून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. दुसऱ्या फेरीलाही तिथेच ठोका, तिथेच मी उभा. परत येऊन सांगितलं तर मेहुण्यांना हसू आवरेना. ताडपत्रीची लोखंडी कमान सैल आहे, ती पत्र्यावर आपटते म्हणाले. जित्याची खोड, दादा! वायरमन तर तेव्हापासून मला बघितलं की विचारतो, काय, कुठला स्टॉप आला?

कमान दोरीने आवळून बांधली.

१९ नोव्हेंबर

बांधूनही ठोका येतोच. कुणाला सांगितलं नाही. पुन्हा हसं करून घ्यायला मी काही शेंबडा पोर नाही. ठोका आला की आता उलट ॲक्सिलरेटर दाबतो. सुरुवातीला पाय अडखळायचा. आज अडखळला नाही. गाडी कुठेही न थांबता आणली म्हणून मेहुण्यांनी पाठ थोपटली, आणि मला बरं वाटलं.

२४ नोव्हेंबर

लिहितो. लिहिलंच पाहिजे.

काल मेहुणे मागे बसले. मागच्या एक्सलची घरघर त्यांना कान लावून ऐकायची होती. वळण यायच्या आधी ठोका आला. मी हसलो. पुन्हा आला, जोरात. मग आणखी एक. मी ॲक्सिलरेटर दाबला.

खाली येऊन मागे गेलो तर फाळका लोंबत होता. खिट्टी निघालेली. मागे कुणी नव्हतं.

ते वळणावर सापडले. फाळका सुटलेला दिसला म्हणून त्यांनी ठोके दिले असणार. मी थांबत नाही म्हटल्यावर स्वतःच उठून तो ओढायला गेले असणार. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी गेली. मेले मात्र मेहुणे.

धाकटीने एवढंच विचारलं, त्यांनी ठोका दिला नाही का रे?

मी नाही म्हणालो.

२७ नोव्हेंबर

लोक येतात, बसतात. सगळ्यांचं एकच, माणूस चांगला पण निष्काळजी. आज धाकटीही चिडून म्हणाली, एवढी वर्षं या धंद्यात, आणि साधा ठोका द्यायचं सुचलं नाही यांना. मी मान हलवली. मेलेल्या माणसावर माझं पाप ढकललं आणि वर तिने वाढलेलं जेवलो.

उद्या सांगतो.

२९ नोव्हेंबर

सांगितलं नाही.

भर दुपारी बुटका शेडमध्ये उभा. बॅटरी काढलेली. ठोका आला. धाकटी अंगणात होती, तिनेही वर पाहिलं. कमान सैल आहे ना रे ती, म्हणाली. मी हो म्हणालो. आणखी एक खोटं.

१ डिसेंबर

ताडपत्री काढली. कमानी काढल्या. पत्र्यावर आपटायला काही उरलं नाही.

तरी येतो. केबिनच्या पाठीमागच्या पत्र्याला पोचा पडलाय, स्टिअरिंगवर बसलो की बरोबर माझ्या डोक्यामागे. चोराच्या मनात चांदणं असेल, पण पोचा हाताला लागतो. तळव्याएवढा आहे.

३ डिसेंबर

आता उशाच्या भिंतीवर. एक ठोका. मी असेन तिथे थांबतो. घास हातात, पाय अर्धा चपलेत. आता थांबतो, मेहुणे. बघा, आता थांबतो—

त्या दिवशी नाही.

५ डिसेंबर

धाकटीने बुटका विकला. गिऱ्हाईक घाटीखाली आहे. सोडायला जाताना ती मागे बसणार म्हणते, ते बसले होते तिथेच. नको म्हणालो, हात जोडले. ऐकत नाही. वळणावर ठोका देईन, थांबव म्हणाली. तिथेच तिला सांगणार. वही खिशात घेतली आहे, धीर सुटला तर हातात देईन.

वळणावर आहोत. वही स्टिअरिंगवर टेकवून लिहितो आहे. ठोका आला, हलका, तिच्या अंगठीचा कट्ट आवाज असलेला. पहिल्याच ठोक्याला थांबलो. हँडब्रेक ओढला. ती फाळका उघडून उतरली. आरशात दिसते आहे. त्या जागेशी उभी आहे, पाठमोरी.

वळली की सांगतो.

वळली. माझ्याकडे पाहत नाही. ट्रकच्या मागच्या भागात, आत पाहते आहे. हसली. तेव्हापासून पहिल्यांदाच—

हात वर केला तिने. चढताना आतल्या माणसाने ओढून घ्यावं म्हणून करतात तसा. आत कोणी नाही. मी स्वतः पाहिलं होतं, आत कोणी—

चढली. अलगद.

फाळका उघडाच आहे. खिट्टी अजून तीच—

दोन ठोके.

नाही. आधी तिला सांगायचं आहे. ओरडून सांगितलं, धाकटे, त्यांनी ठोका दिला होता, तीनदा दिला होता, मी ऐकला होता.

पुन्हा दोन.

पाय ब्रेकवर आहे. पूर्ण दाबलाय. तरी गाडी पुढे सरकते आहे, आरशातला रस्ता मागे—

एक ठोका. अंगठीचा. धाकटीचा आहे. थांब म्हणते आहे ती. अजून एक. धाकटे, मी ब्रेक दाबलाय, मी थांबतोच आहे गं, मी—