शांत झालेली गाडी

दि. ४ मार्च, सकाळी पाच वाजून चाळीस मिनिटे. डेपोत बसची काच पुसून झाली. पहिल्या फेरीला वीस मिनिटे आहेत.

तीर्थरूप मामांना शि. सा. न. वि. वि.

मामींच्या गुडघ्याची सूज उतरली हे वाचून बरे वाटले. मला कायम करण्याआधीची तपासणी वीस तारखेला आहे. डोळ्यांची काळजी नाही. तक्त्यावरची शेवटची ओळ मी न अडखळता वाचतो. कानांचे काही नसते. ऐकू येते का विचारतात, आपण हो म्हणतो, झाले.

आनंदाची गोष्ट म्हणजे गाडी सुधारली. फॅनबेल्टची शीळ कमी होत होत आता पूर्ण थांबली. मी हातही लावला नाही. कंडक्टर मात्र हल्ली कुजबुजतो, त्यावरून आमचे वाजले.

तुमचा लोभ आहे तसाच राहावा.
आज्ञाधारक भाचा

दि. ८ मार्च

चि. मोजपट्टीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ऐकून मामी हसली, मी नाही हसलो. बाबा रे, बत्तीस वर्षं बस हाकली मी. बेल्टची शीळ आपोआप थांबत नाही. मेकॅनिकला शेजारी बसव आणि त्याला शीळ ऐकू येते का विचार. आली, तर बिघाड गाडीत नाही, तुझ्या कानात आहे. खिडकीकडचाच असणार, दिवसभर काच खाली आणि साऱ्या गावाचे हॉर्न त्यात.

वीस तारखेची वाट बघू नकोस. तिथे हो म्हणून सुटशील, पण मागून येणारी रुग्णवाहिका तुला ऐकू येणार आहे का? घाबरू मात्र नकोस. नटबोल्ट मोजून ठेवणारा तू, कान असाच जाऊ देणार नाहीस. आणि कंडक्टरची माफी माग.

आमची माया पाठीशी आहेच.
मामा

दि. २२ मार्च, दुपारी एक वाजून पाच मिनिटे. डबा खाऊन हात धुतले.

तीर्थरूप मामांना शि. सा. न. वि. वि.

मेकॅनिक दोन मिनिटांत कानांवर हात ठेवून उतरला. मला फक्त इंजिनाची घरघर ऐकू येत होती. दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. खिडकीकडच्या कानाचे बारीक आवाज गेले आहेत, दुसऱ्याचेही बरेच कमी झाले आहेत. गेले ते येणार नाहीत, उरलेले राखता येतील. यंत्र लावा, काच बंद ठेवा, गाडी चालवा, पण साहेबांपासून लपवू नका, असे ते म्हणाले.

कागद मीच साहेबांपुढे ठेवला. साहेबांनी सगळ्याच ड्रायव्हरांचे कान नीट तपासायचे ठरवले. मंडळी दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीत. किंवा बोलली असतील, मला ऐकू आले नसेल. परवा मी यंत्रासह पास झालो आणि कायमही झालो. आणखी चौघांचे कान माझ्यासारखेच निघाले. आता तेच मला यंत्राच्या दुकानाचा पत्ता विचारतात.

यंत्र लावून गाडी सुरू केली आणि शीळ कानात घुसली. इतका कर्कश आवाज इतका गोड कधी वाटला नव्हता. बेल्ट लगेच बदलला. जुन्याला बोटभर चीर होती.

एक विचारायचे राहिले. तुमच्या पाकिटाच्या मागे मामींनी लिहिले आहे की दारावरची घंटा हल्ली वाजत नाही, असे तुमचे म्हणणे आहे. मामींना ती स्वयंपाकघरातूनही ऐकू येते.

दोघांचा लोभ वाढता राहो.
आज्ञाधारक भाचा

ता. क. हिशेब: यंत्राचे निम्मे दिले, निम्मे तीन हप्त्यांत द्यायचे. बेल्टचे डेपोकडून. कंडक्टरचा चहा माझ्याकडून. तुमच्या तपासणीचे आगाऊ भरले आहेत, ते परत नकोत. सोमवारी सकाळी दहाला दोन्ही कान घेऊन या.