लाल पलंगपोस

ता. ६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आजीचे अ. आ. वि. वि.

मी सुखरूप पोचले. पोचून चार दिवस झाले, पण पत्र आज लिहितेय, कारण खोलीला खिडकी आहे. तिच्यापुढे बसलं की कागद तसाच राहतो आणि मी समुद्र बघत बसते. निघताना तुझा बाबा म्हणाला होता, आई, समुद्र म्हणजे नुसतं पाणी, आठ दिवसांत कंटाळशील. तीस वर्षं पोरांना भूगोल शिकवतोय, पण ते पाणी दिवसातून दोनदा उठून जातं आणि परत येतं, हे त्याने घरी कधी सांगितलं नाही. सकाळी होड्या चिखलात बसलेल्या, दुपारी बघावं तर डुलतायत.

तुझी आत्याआजी आहे तशीच आहे. नात्याने माझी धाकटी नणंद, पण हुकूम सासूचे. खिडकी लाव, खारी हवा येते, म्हणते. मी म्हटलं, वन्सं, हवेसाठीच तर आले. इथे सगळं गंजतं हे मात्र खरं. कुलूप गंजलंय, कात्री गंजलीय, वन्संची जीभ तेवढी शाबूत आहे.

धक्क्यावर माणसं जाळी विणत बसतात. काल एकाला मी सांगितलं, बाबा रे, तुझी गाठ उलटी पडलीय. आधी फुगला, मग उसवून बघितली, आणि आता मला मास्तरीणबाई म्हणतो. चार दिवसांत मला कुणी बस म्हटलं नाही बघ.

बाबाला सांग, आठ दिवस म्हणजे आठच. बहुतेक.

तुझ्या मायेत पाणी घालू नकोस, इथे पाणी पुष्कळ आहे.

आजी

ता. २० फेब्रुवारी

ती. आजीस सा. न. वि. वि.

आठाचे अठरा दिवस झाले. आधी म्हणे बस चुकली, मग आत्याआजीला शिंका आल्या. बाबा विचारतात, शिंकांना एवढे दिवस लागतात का? ते रोज तुझ्या खोलीत डोकावतात आणि म्हणतात, दिवा बंद करायला गेलो होतो. दिवा लागलेलाच नसतो.

तुझ्या गुडघ्यांसाठी त्यांनी शिलाई मशीन बंद करायला लावलं ना, त्यावर आता कुंडी आहे. रविवारच्या बसचं तिकीट त्यांनीच काढलंय, सोबत पाठवते. खरं सांग, येणार आहेस ना? मलाही करमत नाही, पण तू लबाडी करत असशील तर मी तुझ्या बाजूने आहे. हे मात्र बाबांना कळवू नकोस.

तुझी माया इकडेही थोडी पाठवत जा.

भिंगरी

ता. २६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस अ. आ. वि. वि.

तिकीट मिळालं. पण आधी पलंगपोसाचं ऐक.

मंगळवारी मी वन्संचा लाल पलंगपोस धुतला आणि गच्चीवरच्या बांबूला बांधला. वारा झकास होता. तासाभराने बघते तर एक होडी हललेली नाही. आभाळ स्वच्छ, आणि सगळे होडीवाले हाताची घडी घालून आमच्या गच्चीकडे बघतायत. वादळ येणार असलं की इथे बंदराच्या कचेरीवर लाल बावटा चढतो आणि मग कुणी होडी सोडत नाही. कचेरी आमच्या शेजारीच. मला काय ठाऊक गं.

कचेरीतला बावटेवाला धापा टाकत तीन जिने चढून आला. वन्संनी मला पुढे ढकललं आणि म्हणाल्या, ही पाहुणी आहे, हिला काही कळत नाही. मी म्हटलं, कळत नाही तर कळू दे, तुमचा बावटा दाखवा. दाखवला. उन्हाने पार गुलाबी झालेला, कडा उसवलेल्या, अंग पुसायचा पंचा बरा. मी म्हटलं, माझा पलंगपोस खरा वाटला यात माझा काय दोष? तो हसत सुटला. मग डोकं खाजवत म्हणाला, नवीन शिवून द्याल का?

दोन दिवस हाताने शिवला. काल चढवून बघितला, होडीवाल्यांना आधी सांगून. पार पलीकडच्या टोकावरून दिसला. आता शिडं शिवून मागायला लोक येतायत, आणि ते जाड कापड काही हाताने होत नाही.

भिंगरे, मी इथेच राहू का गं? घरी मला काही कमी नाही. पण तिथे मी उठले की तुम्ही सगळे धावता, बस, बस. इथे लोक मला उठवायला येतात. तिकीट परत पाठवतेय. बाबाला तूच सांग, मला धीर होत नाही. आणि त्याने हो म्हटलं, तरच कुंडी उतरवून मशीन पाठव. नाही म्हटलं तर मी निमूट येईन.

रागावलीस तरी माया सोडू नकोस.

आजी

ता. ३ मार्च

ती. आजीस सा. न. वि. वि.

बाबांनी पत्र दोनदा वाचलं. मग उठून कुंडी खिडकीत ठेवली, मशीनला तेल घातलं, आणि चालतंय का बघायला जुना पायजमा शिवताना स्वतःची बाही त्यालाच शिवून घेतली. सोडवायला मला बोलावलं, तेव्हा म्हणाले, हे टपालाने पाठवायचं नाही, वाटेत आपटेल. मी घेऊन जातो.

शनिवारी पोचतील, रविवारी परत. नुसतं पाणी बघायला एक दिवस पुरे, असं त्यांचं म्हणणं आहे. माझी परीक्षा संपली की मी येते. खिडकीतली जागा धरून ठेव.

भिंगरी

ता. ६ मार्च

चि. भिंगरीस अ. आ. वि. वि.

तुझं पत्र वन्संना वाचून दाखवलं. बाहीपाशी त्यांना इतकं हसू आलं की खरोखरच शिंका सुरू झाल्या. आता बोल.

खोली झाडली. मशीनला भिंतीकडची जागा केली, तिथे खारी हवा कमी. बाबाची खाट खिडकीशी लावलीय, म्हणजे पाणी जाताना आणि येताना दोन्ही वेळा दिसेल. खाटेवर तोच लाल पलंगपोस अंथरलाय. तो दिसला की इथलं कुणी निघत नाही. रविवारी बघू.

तुझी, बावटा शिवणारी
आजी