सायखेड्याचा धूर आणि माझे एकावन्न टक्के

मी, दीपक सावळीराम गायखे, वय ५७, वाणिज्य पदवीधर, राहणार गंगापूर रोड, नाशिक, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. सदनिका व बँकेतील ठेवी पत्नी उज्वला हिला. भिंतींचा रंग आता तिने ठरवावा. तीस वर्षे मीच ठरवला.

२. सातपूरच्या ओतकाम कारखान्यातील माझे एकावन्न टक्के समभाग कन्या सायली हिला, अविभाजित. उर्वरित आधीच मुलगा अमोल याच्या नावे आहेत. कारण नोंदवतो, म्हणजे मागाहून तर्क नकोत.

मोठ्या ग्राहकाने कार्बन उत्सर्जन निम्म्यावर आणण्याची अट घातली, तेव्हा मी कोळशाची भट्टी सायखेड्याजवळच्या भाड्याच्या शेडमध्ये हलवली, वेगळ्या नावाने चालवली आणि अहवालात बावन्न टक्के घट दाखवली. भट्टीचा फोरमन खाजा शेख सायखेड्याचाच. तो म्हणाला, "साहेब, धूर तुमच्या कागदावरून उतरला न् आमच्या पत्र्यावर बसला." मी त्याला गप्प केले.

सायली गप्प बसली नाही. आठ दिवस शेडमध्ये उभी राहून तिने कोळशाचे पोते न् पोते मोजले आणि ग्राहकासमोर सांगितले, "आमचा अहवाल खोटा आहे."

"ताई, वेडी झालीस का? ऑर्डर जाईल!" अमोल म्हणाला.

"जाऊ दे. परत आणू."

ऑर्डर गेली. चौदा महिने कारखाना एका पाळीत चालला. तिने स्वतःचा पगार थांबवला, एकाही कामगाराला घरी बसवले नाही, सायखेड्याची भट्टी विझवली आणि सातपूरला विजेची बसवली. ग्राहक परतला. त्याला दाखवलेली घट एकोणीस टक्के होती, आणि खरी होती. माझ्या हातून असे काम झाले नाही.

३. अमोल, कोळसा स्वस्त पडतो हे तू अजून म्हणतोस. तुला ते मीच शिकवले, म्हणून राग नाही. परंतु हे एकावन्न टक्के विभागले तर बहुमत तुझ्याकडे जाईल आणि ती भट्टी पुन्हा पेटेल.

४. माझी मोटार खाजा शेख यास. (हे कलम खोडले आहे. लाभ घेणाऱ्याने साक्षीदार होऊ नये, असे वकील निकिताताईंनी सांगितले. मी खाजाला विचारले, "मोटार हवी की सही करतोस?" तो म्हणाला, "मोटार राहू द्या साहेब. धुराचं बोललो तेव्हा माझं म्हणणं कुणी धरलं नव्हतं. सही करतो.")

दोन्ही साक्षीदारांदेखत सही केली.

नाशिक, दि. ९ जानेवारी २०२६
दीपक सावळीराम गायखे

साक्षीदार:
१. खाजा शेख, सायखेडा
२. डॉ. संतोष पुंजा बोरस्ते, नाशिक