दर सेकंदाला सर्व ठीक

४ मार्च
लॅबचा सर्व्हर बसला. ऐन गर्दीत. काउंटरसमोर उपाशीपोटी आलेली माणसं, रक्त मशीनमध्ये, रिपोर्ट कुठेच नाहीत. सर्व्हरच्या खोलीत गेलो तर रॅकला ओला मॉप टेकवलेला. वास कुजका. चिमटीत धरून बाहेर टाकला. सफाईच्या मावशी म्हणाल्या, मॉप मी ठेवला, पण मशीन ओलं झालंय का ते आधी बघा. अशा लोकांशी वाद घालत नाही. (ओलं नव्हतं.)
मशीन म्हणतं, नवीन फाइल तयार करता येत नाही. डिस्क बघितली तर निम्मी रिकामी. म्हणजे मशीन खोटं बोलतंय. काउंटरवालीने सर्व्हरवर ठेवलेले सहलीचे फोटो मी उडवले. हजारो होते, निम्म्यांत तिचंच तोंड. सर्व्हर लगेच सुरू. निदान झालं: फोटो.
तिने खुर्ची फिरवून माझ्याकडे पाठ केली. फायदाच.

५ मार्च
डॉक्टरबाईंनी आत बोलावलं. लॅब त्यांची. म्हणाल्या, पुन्हा एकदा जरी सर्व्हर बसला तर सर्व्हरचं काम बाहेर देणार. नाही बसला तर एप्रिलपासून मी सिस्टिम हेड, शिवाय खिडकीची केबिन. बाहेर म्हणजे कुठे, तेही सांगितलं. माझ्या साडूची कंपनी. धाकट्या मेहुणीचा नवरा. जेवताना बोटं चाटतो आणि त्याच बोटांनी माझ्या कीबोर्डला हात लावतो.
घरी सांगितलं, हेड झालो. झालोच म्हणायचं. बायकोने तिथल्या तिथे बहिणीला फोन लावला. थांबवता आलं असतं.

७ मार्च
पक्का बंदोबस्त केला. दोन वर्षांपूर्वी मी सर्व्हरवर ‘पहारेकरी’ बसवला होता. माझाच प्रोग्राम. दर मिनिटाला सगळं तपासतो आणि लॅबच्या प्रत्येक मशीनसाठी एक नवी चिमुकली फाइल सर्व्हरवर लिहून ठेवतो: ‘सर्व ठीक आहे.’ जागा म्हणाल तर नगण्य. पण मिनिट म्हणजे फार झालं. आजपासून दर दहा सेकंदांनी.
संकल्प: रोज सकाळी सगळ्या फाइली वाचायच्या.

८ मार्च
वाचल्या नाहीत. सगळ्यांत तेच असतं.

१२ मार्च
बसला. डॉक्टरबाई परगावी आहेत, त्यामुळे हा धरायचा नाही.
कीबोर्ड उलटा करून आपटला. बिस्किटाचा भुगा, नखाचा तुकडा आणि झुरळाचा एक पाय. बाकीचं झुरळ कुठे आहे, हा विचार जेवताना करू नये. मी केला.
सोडून गेलेल्या अकाउंटंटचं अख्खं फोल्डर उडवलं. सुरू झाला. त्याच्या फाइली पहिल्यापासून मला संशयास्पद वाटायच्या. पहारा आता दर सेकंदाला.

१४ मार्च
मेहुणी आणि साडू अभिनंदनाला आले. जेवताना साडूने उगाच सर्व्हरचा विषय काढला, आणि डिस्कचं माझ्या तोंडून निसटलं. डिस्क रिकामी आणि तरी बसतो, तर फाइलींची संख्या मोजा म्हणाला. हॉल अर्धा रिकामा असला तरी दारावरची टोकनं संपली की माणूस आत जात नाही, आणि एवढ्याशा फाइललाही टोकन पूर्ण एक लागतं. मी हसलो. आमच्याकडे फालतू फाइली नसतात म्हणालो. तो बोटं चाटत ‘बरं’ म्हणाला. ते ‘बरं’ माझ्या अजून घशाखाली उतरलेलं नाही.

१५ मार्च
संख्या मोजायला घेतली. बराच वेळ काही दिसेना. मोजणं बंद केलं. मशीनवर उगाच ताण.

१८ मार्च
बसला. डॉक्टरबाई शेजारीच उभ्या होत्या. हा धरावा लागेल.
फोटो उरले नाहीत, अकाउंटंट उरला नाही, उडवायला काहीच नाही. डॉक्टरबाईंनी फोन लावला. तासाभरात साडू हजर. माझ्या खुर्चीत बसला, एक ओळ टाइप केली आणि मशीन मोजत असताना चहा प्यायला. कप माझा. मग पडद्यावर एकच फोल्डर आलं, आत लाखो फाइली. डॉक्टरबाईंनी एक उघडायला सांगितली. मोठ्याने वाचली: ‘सर्व ठीक आहे.’ दुसरी उघडली. तेच. तिसरी त्यांनी वाचली नाही.
“हे कोणी लिहून ठेवलंय?” त्यांनी विचारलं.
काउंटरवाली छताकडे बघायला लागली. साडूने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “जुना प्रोग्राम आहे, मॅडम,” म्हणाला. “पूर्वी कोणीतरी बसवला असेल.”
मला सांभाळून घेतलं त्याने. एवढी किळस त्या मॉपचीही आली नव्हती.

२२ मार्च
काम साडूकडे गेलं. खिडकीची केबिन त्याच्या माणसाला. मला काढलेलं नाही. साडूनेच शब्द टाकला म्हणे. त्याचं म्हणणं, तपासायला प्रोग्राम नको, जबाबदार माणूस हवा. मला मान्य आहे. एप्रिलपासून रोज संध्याकाळी सर्व्हरच्या खोलीत जायचं, सगळं बघायचं आणि साडूला एक ओळ पाठवायची. फाइल करायची नाही, फोनवर पाठवायची, हे त्याने दोनदा सांगितलं.
बायको विचारते, हेडचं काम नक्की काय असतं? देखरेख, म्हणालो.

१ एप्रिल
रॅकला ओला मॉप. बाजूला न करता आत वाकून सगळे दिवे बघितले. साडूला पाठवलं: सर्व ठीक आहे.
त्याचं उत्तर आलं: बरं.

२ एप्रिल
सर्व ठीक आहे.