नीलेशची कुंची उसवली

प्रिय अक्का,

उद्या नीलेशच्या मुलीचं बारसं. तुम्ही गेल्यावर या घरातलं पहिलंच. म्हणून एक गोष्ट तुम्हाला आजच सांगायला हवी. तुम्ही शिवलेली नीलेशची कुंची मी उसवली. रागावू नका, आधी सगळं ऐका.

मी या पारोळ्याच्या घरात धाकटी सून म्हणून आले, तेव्हा तुमची मुलं शाळेत जायची आणि दुपारी मागच्या ओट्यावर तुमची सुई चालायची. गल्लीत कुणी बाळंत झालं की बाळाला तुमच्या हातची कुंची ठरलेली. डोक्यावरून पाठीवर उतरणारी, कडेनं साखळी टाक्याची वेल. मला सुईत दोरासुद्धा धड ओवता येत नव्हता. किती हसायचात तुम्ही मला!

मग माझा नीलेश रांगायला लागला. त्याच्यासाठी थंडीची कुंची शिवताना तुमची सुई हरवली. आपण चटई झटकली, ओटा झाडला, आणि तेवढ्यात नीलेशनं जो सूर लावला तो थांबेचना. सासूबाई म्हणाल्या, "पोऱ्यानी सुई गियी लिधी." सुई गिळली म्हणताच तुम्ही त्याला उचलून घेतलंत. जीप करून आपण धुळे गाठलं. वाटभर तुम्ही त्याची पावलं मुठीत धरून बसलात. दवाखान्यात फोटो काढला. पोटात काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, दात येताहेत. घरी आलो तर सुई त्या कुंचीच्याच काठात.

कुणी तुम्हाला दोष दिला नाही. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आते हाई बठ्ठं बंद." आणि तुम्ही खरंच सगळं बंद केलंत. शिवणाचा डबा माळ्यावर गेला. दुपारी ओट्यावर नुसत्या बसायचात. नीलेश रांगत जवळ आला तर हात पदराखाली घ्यायचात. मूल माझं होतं, मी तर काही म्हटलं नव्हतं. मग का ऐकलंत तुम्ही?

मला ते बघवेना. एके दिवशी सासूबाई देवळात गेल्या, तशी मी डबा खाली काढला, नीलेशला पाळण्यात टाकलं आणि ती अर्धी कुंची घेऊन तुमच्यासमोर बसले. टाके असे पडत होते की कोंबडीनं अंगण उकरावं. तुम्ही बराच वेळ मान फिरवून होतात. शेवटी राहवलं नाही. "आसा टाका टाकतस का कोनी? दे मन्हाकडे."

मी दिली. सासूबाई परत आल्या आणि दारातच थबकल्या. तुम्ही सुई लपवायला निघालात. मी म्हटलं, "आई, मीच सांगितलं शिवायला. पोर माझं आहे." त्या आत गेल्या. कुंची पूर्ण झाली, नीलेशनं ती दोन थंड्या वापरली.

पण त्या 'दे मन्हाकडे'बद्दल माझी तक्रार आहे, अक्का. पुढे मी तुमच्याकडून साखळी टाका शिकले, गहू टाका शिकले, वेल भरायला शिकले. मानेवरची चुणी आली की मात्र काम माझ्या हातातून काढून घ्यायचात. "तुले जमाव नही." एकदा तरी जमतं का ते बघायचं होतं!

पूजाला, म्हणजे नीलेशच्या बायकोला, आई नाही. म्हणून तिचं बाळंतपण मी इथेच केलं. बाळासाठी कुंची कापली, वेल भरली आणि मानेशी येऊन अडकले. चुणी एका बाजूला गोळा व्हायची. उसवायची, पुन्हा घालायची, पुन्हा तेच. शेवटी ट्रंकेतून नीलेशची कुंची काढली. पूजा घाबरली. "मम्मी, अक्कांच्या हातचं तेवढंच तर राहिलंय."

"हातचं जपून काय करू? मला हात कसा चालला ते बघायचंय," मी म्हटलं, आणि कात्रीचं टोक घातलं.

पहिला टाका तोडताना डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू? मग काम दिसायला लागलं. मानेवर एकाखाली एक असे दोन धावदोरे. दोन्ही एकदम ओढले की चुणी सारखी बसते. एवढंच होतं, अक्का? एवढ्यासाठी मला अडवून ठेवलंत?

आज दुपारी नवी कुंची पुरी झाली. जुनीही परत शिवली. माझे टाके तुमच्यापेक्षा मोठे आहेत, पण चुणी पक्की आहे. ओढून पाहिली.

मघाशी पूजा बाळाला पाजून शेजारी येऊन बसली. म्हणाली, "मलाही शिकवाल?" तुम्हाला शब्द देते, तिला मी मानेपासूनच शिकवायला घेईन. वाकडं आलं तर वाकडं येऊ दे, तिच्या हातातून काम काढून घेणार नाही. मी गेल्यावर तिला माझं काही उसवून बघावं लागणार नाही.

तुमची धाकटी जाऊ,
मंगला