सेन्सर, उदबत्ती आणि मी

रविवार, संध्याकाळ. हूटगळ्ळी.

सेन्सर गेलेला नाही. नव्हताच गेलेला!

गाडीला हौसेने मोठा एक्झॉस्ट पाइप बसवला, तेव्हापासून मायलेज चौदावरून नऊवर आलं. हिनकलचे गॅरेजवाले बसवण्णा दर वेळी एकच सांगतात, "मॅडम, ऑक्सिजन सेन्सर होगिदे." गेला म्हणे. दोनदा बदलला, तरी नऊच. काल वर हेही ऐकवलं, "लेडीजना हे असलं कशाला? जुना पाइप घाला." सुहासनेही मान डोलावली. नवरा माझा आणि मान त्यांच्याकडे!

आज थंड इंजिन सुरू केलं, बॉनेट उघडलं आणि देवघरातली उदबत्ती पेटवून पाइपच्या जोडापाशी धरली. सुहास बाहेर आला. "काय गं, गाडीची आरती?"

"हो. तूही हात जोड."

सरळ वर जाणारा धूर सेन्सरच्या अलीकडच्या जोडाशी फडफडला. तिथे फट आहे! बाहेरची हवा आत शिरते, सेन्सर इमानाने सांगतो की ऑक्सिजन जास्त आहे, आणि पेट्रोल कमी पडतंय असं समजून गाडी आणखी ओतत बसते. खरं बोलणाऱ्यालाच आम्ही दोनदा काढून टाकलं.

मीही कशी ऐकत राहिले? इंजिनिअर ना मी? जाऊ दे.

जुना पाइप घालणार नाही. उद्या समोर उभी राहून त्या जोडाची फट बुजवणारं गॅस्केट बदलून घेणार. पुन्हा कुणी "होगिदे" म्हणालं, तर पेटती उदबत्ती त्याच्याच हातात देणार.